अकरा नंबरची बाई

“अकरा नंबर पुन्हा लावा,” डॉ. तुस्कानो म्हणाले.

अझरनं कळ दाबली. समोरच्या भिंतीवर फिल्म उमटली. काळ्याभोर अंधारात धुरासारखा करडा आकार, माणसाच्या उंचीएवढा. वरच्या बाजूला, काखेकडे, आमच्या सॉफ्टवेअरनं काढलेला लाल चौकोन.

“ही नॉर्मल म्हणून दिलेली फिल्म ना?”

“हो सर.”

“आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय, नॉर्मल नाही.”

“हो सर.”

सोलापुरातला एप्रिल. पडदे ओढून अंधार केलेल्या त्या सभागृहात पंखे नुसता गरम वारा फिरवत होते. मी भिंतीजवळ उभी होते, हातात लाल ठिपका पाडणारा पॉइंटर. ठिपका थरथरायला लागला तसा मी तो बंद केला आणि हात पाठीमागे नेला. खोलीत आम्ही सात-आठ जण होतो. अकरा नंबरची फिल्म कोणाची, हे त्यांतल्या एकाच माणसाला ठाऊक होतं.

ती माझी होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. गावाबाहेरच्या एका धर्मादाय कर्करोग रुग्णालयात मी संगणक विभाग सांभाळत होते. विभाग कसला, जुन्या धोबीखान्याच्या दोन खोल्या, मी, अझर बागवान आणि फिल्म नोंदवणाऱ्या दोघी मुली. आमच्या रुग्णालयाची गाडी खेडोपाडी फिरायची आणि बायकांच्या स्तनांच्या एक्स-रे फिल्म घेऊन यायची. त्या वाचायला एकट्या वाळवेकर मॅडम. साठीला आलेल्या, दोन्ही गुडघे दुखणाऱ्या, पण दिव्यासमोर बसल्या की उठायचं विसरणाऱ्या. तरी फिल्मचा ढीग साचायचाच. एखाद्या बाईची फिल्म ढिगाच्या तळाशी राहायची, आणि तिचा नंबर येईपर्यंत उशीर झालेला असायचा. म्हणून आम्ही एक साधन तयार करत होतो. त्यानं सगळ्या फिल्म आधी बघायच्या आणि मॅडमना सांगायचं की ही, ही आणि ही आधी बघा. परदेशात तशी सॉफ्टवेअर होती, पण ती तिकडच्या बायकांच्या फिल्मवर शिकलेली. आमचं अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या बायकांवर शिकत होतं.

त्याला पैसा मुंबईच्या एका निधीचा होता. कर्करोगाच्या संशोधनाला लागणाऱ्या संगणकीय साधनांनाच पैसे देणारा असा तो निधी. पहिला टप्पा संपला होता. दुसरा द्यायचा की नाही, हे ठरवायला त्यांची समिती आली होती. अध्यक्ष डॉ. तुस्कानो, वसईचे, निवृत्त शल्यचिकित्सक. सोबत प्राध्यापक रेगे, संख्याशास्त्राच्या. तिसरे गृहस्थ हिशेब बघायला आलेले, ते बोललेच नाहीत.

चाचणीची अट समितीनं आधीच घातली होती. आमच्या साधनानं कधी न पाहिलेल्या फिल्म द्यायच्या, काही आजार सिद्ध झालेल्या बायकांच्या, काही निरोगी. आजार सुटता कामा नये. आणि निरोगी बाईला उगाच आजारी ठरवण्याची चूक ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. निरोगी फिल्म आम्ही रुग्णालयातल्याच बायकांच्या तपासणी शिबिरातून घेतल्या होत्या. प्रत्येकीची लेखी संमती घेऊन, नाव काढून, नंबर टाकून. आयत्या वेळी एका सिस्टरच्या नवऱ्यानं मोडता घातला आणि एक फिल्म कमी पडली. त्याच शिबिरात माझीही तपासणी झाली होती. मॅडमनी ‘नॉर्मल’ म्हणून सही केली होती. मी माझी फिल्म उचलून त्या जागी घातली. तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

साधनानं त्या सकाळी एकही आजार सोडला नाही. निरोगी फिल्ममध्ये मात्र चुका झाल्या, आणि अकरा नंबर धरला तर मर्यादेपेक्षा एक जास्त झाली. म्हणजे सगळं त्या एका फिल्मवर येऊन अडलं.

“मी वाचलीय ही,” वाळवेकर मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या. “काही नाही तिथं. दाट ऊती आहेत, चाळिशीतल्या बाईच्या असतात तशा.”

“मग प्रश्नच मिटला,” रेगेबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लावण्याताई, मी तुमच्या कामाच्या विरुद्ध नाही. पण मर्यादा आम्ही उगाच नाही घातली. ही अकरा नंबरची बाई आत्ता कुठंतरी भाकऱ्या थापत असेल. धडधाकट आहे. तुमचं साधन उद्या तिला बोलावणार. तिला सुई टोचणार. रिपोर्ट येईपर्यंत ती बाई घरात कशी वावरेल, पोरांकडं कशी बघेल, याची कल्पना आहे का तुम्हाला?”

मी बंद पॉइंटरची कळ चाचपत राहिले.

“तर मग,” डॉ. तुस्कानो माझ्याकडं वळले, “साधन चुकलं असं लिहू ना?”

हो म्हणावं, असं मला किती वाटत होतं! सर, चुकलं, लिहा, शंभर वेळा लिहा. अझरनं हैदराबादची नोकरी सोडून या कामात उडी घेतली होती. दोघी मुलींची घरं या पगारावर चालत होती. ते सगळं त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. चुकलं म्हणायचं आणि घरी जायचं, एवढंच डोक्यात होतं.

पण तोंड उघडायच्या आधी माझी नजर त्या चौकोनात गेली.

कितीतरी हजार फिल्म मी पाहिल्या होत्या. साधनाला शिकवायचं म्हणजे आधी आपण बघायचं आणि खुणा करायच्या. डोळ्यांना सवयच लागली होती. त्या सवयीनंच डोळे करड्या धुरात शिरले आणि मला ते कण दिसले. पांढरे, बारीक, घोळक्यानं बसलेले. एकदा दिसल्यावर ते न दिसल्यासारखं करता येईना.

“सर, एक मिनिट,” मी म्हणाले. “अझर, दुसऱ्या बाजूनं घेतलेली फिल्म शेजारी लाव.”

त्यानं लावली. मी पॉइंटर सुरू केला. आश्चर्य म्हणजे आता हात हलत नव्हता.

“ही वरून घेतलेली. ही आडवी. नुसत्या वरच्या फिल्ममध्ये असा घोळका दिसला तर तो भास असू शकतो. वेगवेगळ्या थरांतले कण एकावर एक आलेले असतात. पण मग आडव्या फिल्ममध्ये ते पांगतात. इथं पांगलेले नाहीत. त्याच खोलीवर, तेवढेच, तसेच आहेत.”

“कॅल्शियमचे कण निम्म्याअधिक बायकांना असतात,” रेगेबाई म्हणाल्या. “मी डॉक्टर नसूनही मला एवढं माहीत आहे.”

“असतात मॅडम. पण ते गोल असतात, मोहरीसारखे. अझर, मोठं कर. अजून. हे बघा. हे गोल नाहीत. बांगडी फुटल्यावर चुरा पडतो तसे आहेत. आणि हे तीन एका ओळीत. दुधाच्या नळीत बसल्यासारखे.”

मी बोलत राहिले. दुसऱ्या स्तनाची फिल्म लावली, तिथं असं काहीही नाही हे दाखवलं. आजार सिद्ध झालेली एक जुनी फिल्म काढली, शेजारी ठेवली. मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि तो चांगला येत होता. शांत, मुद्देसूद. समोरच्यांना पटत चाललंय हे दिसत होतं. आणि प्रत्येक मुद्द्यासरशी मलाही पटत चाललं होतं.

वाळवेकर मॅडम उठल्या. टेबलाचा आधार घेत, गुडघे सावरत भिंतीपाशी आल्या. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांच्या पांढऱ्या केसांवर ते करडं ढगाळ चित्र पसरलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग अझरच्या मशीनपाशी येऊन तिथल्या स्क्रीनवर पाहिलं.

“हे मला तेव्हा दिसलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. आवाजात लपवाछपवी नव्हती. “दिसलं असतं तरी मी साधंच म्हटलं असतं कदाचित. पण आता ही म्हणते तसं... मला नाही म्हणता येत नाही. तुकडा काढून तपासायला हवा. हिला बोलवा. लगेच. अझर, नंबरचं नाव काढ.”

“नावं ताईंकडं असतात,” अझर म्हणाला.

“समजावून सांगा हं तिला नीट,” डॉ. तुस्कानो म्हणाले. “फोनवर नका सांगू. घरचं कोणी तरी सोबत घेऊन यायला सांगा.”

“तिला कळलंय, सर.”

“कळलंय? कोणी सांगितलं?”

“मीच आहे ती.”

कोणीतरी पडदा बाजूला सारला. दुपारचं ऊन एकदम आत आलं आणि भिंतीवरची मी पुसली गेले. सगळे माझ्याकडं बघत होते. अझरचा हात मशीनवर तसाच राहिला होता. रेगेबाईंचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यांनी तोंडावर हात घेतला, मग तो हात खाली आणला आणि अगदी हळू म्हणाल्या, “चाचणीत स्वतःची फिल्म घालणं नियमात बसत नाही.” म्हणायचं म्हणून म्हणाल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

“फिल्म कोणाची, ते मागाहून बघू,” डॉ. तुस्कानो म्हणाले. “आत काय आहे ते आधी कळू दे. रिपोर्ट येईपर्यंत निर्णय थांबवतो. आजार निघाला तर साधन मर्यादेत बसलं. नाही निघाला तर...” ते थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. “बाई, बसा तुम्ही. कोणीतरी पाणी द्या यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या तपासणीच्या टेबलावर पालथी पडले होते. त्याच खोलीत मी वर्षानुवर्षं वायरी जोडत आले होते. पण जमिनीवरच्या फरशीला पडलेली भेग कधी पाहिली नव्हती. सुईचा आवाज मोठा येतो, खटकन. मॅडम आधी सांगायच्या, “आता आवाज येईल हं.” तरी दर वेळी अंग दचकायचं.

“हलू नकोस बाळ.”

मॅडम मला एरवी आडनावानं, ‘म्याकल’ म्हणायच्या. बाळ म्हणाल्या आणि मला रडू फुटलं.

तुकडे वरच्या मजल्यावर गेले. तिथं ते मेणात घालतात, पातळ काप काढतात, रंग देतात. त्याला वेळ लागतो, आणि मध्ये रविवार होता. हे सगळं मला पाठ होतं. रुग्णांच्या नातेवाइकांना मीच कितीदा सांगितलं होतं, “चार-पाच दिवस लागतील, काळजी करू नका.” काळजी करू नका हे मी किती सहज म्हणत आले होते!

नागेशला, माझ्या नवऱ्याला, मी त्या दिवशी सांगितलं. तो टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्याला घरीही मोठ्यानं बोलायची सवय. ऐकून त्यानं उठून पाण्याची मोटर बंद केली, परत येऊन बसला.

“तुझ्या मशीननं सांगितलं?”

“हो.”

“आणि वाळवेकर बाईंनी नाही म्हटलं होतं?”

“आधी. मी दाखवल्यावर त्यांना पण वाटतंय.”

“तू दाखवलंस?” त्याचा आवाज चढला. “तू? अगं, सगळे नाही म्हणत होते ना? मग तू कशाला...”

मी कशाला दाखवलं? मला दिसलं म्हणून. दिसलं नसतं तर मी त्या क्षणी भाकऱ्या थापत असते.

मुलीला काही सांगितलं नव्हतं. ती नऊ वर्षांची. तिच्या केसांना तेल लावताना माझी बोटं थांबली की ती मागं वळून बघायची. “काय झालं गं?” “काही नाही.” मग मी वेणी घट्ट घालायची, फारच घट्ट, आणि ती ओरडायची. शाळेचे मोजे कुठं ठेवलेत, दूधवाल्याशी काय बोलायचं, रेशनचं कार्ड कोणत्या डब्यात आहे, हे मी तिला सांगत सुटले होते. नागेशनं एकदा स्वयंपाकघराच्या दारातून ते ऐकलं आणि तो चप्पल घालून बाहेर निघून गेला.

भीती कशी असते म्हणून कोणी विचारलं तर मी सांगेन, ती काखेत असते. हात वर करायची भीती वाटायची. फळीवरचा डबा काढायची भीती वाटायची. सुई टोचली त्या बाजूला जरा दुखलं की वाटायचं, पसरतंय. नाही दुखलं की वाटायचं, हा आजार दुखत नाहीच. आंघोळ मी डोळे मिटून करत होते.

रविवारी फोन आला. मुंबईचा नंबर.

“मी मृणाल रेगे बोलतेय. तुमचा नंबर कार्यालयातून घेतला.” मग त्या एकदम म्हणाल्या, “मी त्या दिवशी जे बोलले... माझं म्हणणं मला अजून बरोबरच वाटतं. पण ते तुमच्या तोंडावर बोलले गेले. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.”

“तुम्हाला कुठं माहीत होतं, मॅडम.”

“कशा आहात? काय करताय?”

“भाकऱ्या थापतेय,” मी म्हणाले. खरंच थापत होते. पलीकडं त्या हसल्या की रडल्या ते कळलं नाही. मी फोन खांद्याला धरून दुसऱ्या हातानं भाकरी उलटली.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “सगळ्यात वाईट काय आहे?”

मी विचार केला. “थांबणं,” मी म्हणाले. “आजार असला तर करायचं काय ते मला माहीत आहे. नसला तरी माहीत आहे. हे मधलं कोणी शिकवलेलं नाही.”

“हं,” त्या म्हणाल्या. मग “काळजी घ्या” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी मी कामावर गेले, कारण घरी बसवत नव्हतं. आवारात शिरले तेव्हापासून लोक वेगळे वागत होते. लिफ्टसमोरची आया मला ‘या’ म्हणून आधी आत सोडत होती. कँटीनवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. आमच्या खोलीत दोघी मुली मान खाली घालून फिल्म नोंदवत होत्या, आणि मी जवळ गेले की त्यांचे हात थांबत होते. मला कळेना यांना झालंय काय. मग कळलं. निधी यायचा असेल तर मला कॅन्सर निघायला हवा होता. मी सुटले तर त्यांचं काम गेलं. माझ्याकडं बघायचं तरी कोणत्या तोंडानं? त्या पोरींनी काहीच केलं नव्हतं, तरी चोरी केल्यासारख्या बसल्या होत्या.

अझर दुपारी चहा घेऊन आला. कप माझ्यासमोर ठेवला आणि उभाच राहिला.

“बस की.”

“ताई, मी काल दर्ग्यात गेलो होतो.” तो कपाकडं बघत होता. “अम्मीला पण घेऊन गेलो. ती म्हणाली, माग काय मागायचं ते. मी उभाच राहिलो. घरात मी एकटा कमावता, तुम्हाला माहीतै. मागं लोक ढकलायला लागले, पुढं व्हा, पुढं व्हा. मला शब्द येईना.”

“मग?”

“मग म्हटलं, आमचं चुकू दे.” त्यानं मान वर केली. “एवढंच म्हटलं. आमचं सगळं चुकीचं निघू दे. अम्मी विचारत होती, काय मागितलंस. तिला नाही सांगितलं.”

त्यानं कप माझ्या हातात दिला आणि तो बाहेर गेला.

मंगळवारी दुपारी मला वरून बोलावणं आलं. फोनवर कारकून म्हणाला, “वाळवेकर मॅडमनी दुसऱ्या मजल्यावर यायला सांगितलंय.” बास, एवढंच. चांगलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं, असं मनात आलं. मी लिफ्ट घेतली नाही. जिन्यानं गेले, कठड्याला धरून. मधल्या वळणावर एक बाई डोक्याला रुमाल बांधून बसली होती, मोसंबी सोलत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, सरकून जागा दिली आणि म्हणाली, “बसा जरा. चक्कर येतीय काय?” मी नाही म्हणाले. खरं तर येत होती.

पॅथॉलॉजीच्या खोलीत मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. शेजारी पॅथॉलॉजिस्ट उभे. मी आत आलेलं त्यांना कळलं नाही.

“मॅडम.”

त्या वळल्या. डोळे लाल झालेले. मी दाराची चौकट धरली.

“ये. बघ.”

“मला नाही बघायचं.”

“अगं ये. काही नाही.”

“म्हणजे?”

“काही नाही म्हणजे काही नाही. साधे कण आहेत. काही बायकांना होतात, त्याचं काही करायचं नसतं. मी दोनदा बघितलं, यांनी तीनदा बघितलं. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुला सांगायचं नव्हतं.” आणि मग एकदम चिडून म्हणाल्या, “इतकं छान भांडलीस गं तू त्या दिवशी! माझ्या डोळ्यांवरचा माझा विश्वास उडवलास. चार रात्री झोपले नाही मी!”

मी खाली बसले. तिथंच, फरशीवर. मॅडमना गुडघ्यांमुळं वाकता येईना, त्यांनी वरूनच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचं आधी सांगून टाकते. डॉ. तुस्कानोंचा फोन त्याच संध्याकाळी आला. “डॉक्टर म्हणून सांगतो, फार बरं वाटलं,” ते म्हणाले. “अध्यक्ष म्हणून काय सांगायचंय ते तुम्हाला कळलेलंच आहे.” निधीचा दुसरा टप्पा मिळाला नाही. अझर पुण्याला गेला. एका मुलीला रुग्णालयानं नोंदणीच्या खिडकीवर घेतलं, दुसरी शिकवण्या घ्यायला लागली. धोबीखान्याच्या खोल्यांना दोन वर्षं कुलूप होतं. मग रेगेबाईंनीच खटपट करून त्याच निधीकडून पैसे आणवले, पण वेगळ्या अटीवर. नुसतं साधन नाही. ज्या दिवशी बाईला बोलवायचं त्याच दिवशी तिची दुसरी फिल्म, दुसऱ्या डॉक्टरची नजर, आणि शक्य असेल तर उत्तरही. त्याची सोय झाल्याशिवाय साधनानं कोणाचंही नाव वर काढायचं नाही. ते काम आजही चालू आहे, आणि ज्यांना बोलावतो त्यांतल्या बहुतेक बायका संध्याकाळच्या एसटीनं घरी परत जातात. अझर त्या वर्षी परत आला.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं.

मी जिना उतरले की पळाले, मला आठवत नाही. आवार ओलांडून आमच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि ओरडले, “चुकलं! अझर, आपलं चुकलं!”

तो खुर्चीतून उठला. दोघी मुली उठल्या. क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग धाकटी किंचाळली आणि मला येऊन बिलगली, सुई टोचलेल्या बाजूनंच, आणि मी कळवळले आणि हसले. अझर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता, त्याचे खांदे हलत होते. मग तो काही न बोलता बाहेर पळाला आणि फाटकासमोरच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा घेऊन आला. ज्या कामाच्या पगारातून तो घेतला होता ते काम नुकतंच संपलं होतं, पण तेव्हा ते कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आम्ही चौघं तो पुडा घेऊन आवारभर फिरलो. आयांना दिले, गाडीच्या ड्रायव्हरला दिले, कँटीनवाल्याला दिले. जिन्यावरच्या त्या बाईला दिला, तर तिनं अर्ध्या मोसंबीच्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मी नागेशला फोन लावला. मागांच्या आवाजात त्याला काही ऐकू जाईना, आणि मी फाटकात उभी राहून “चुकलं, चुकलं” म्हणून ओरडत होते.

फाटकावरचा वॉचमन मल्लिनाथ हे सगळं बघत होता. समिती आल्याचं त्याला माहीत होतं. तो उठून उभा राहिला, टोपी नीट केली आणि खुशीत म्हणाला, “मंजूर झालं म्हणायचं!”

“नाही!” अझर म्हणाला. “नामंजूर! सगळं गेलं!” आणि पुडा त्याच्यापुढं धरला.

मल्लिनाथनं आमच्या चौघांच्या तोंडांकडं पाहिलं. रडवेली, हसणारी, पेढ्यानं भरलेली तोंडं. त्यानं काही विचारलं नाही. पेढा घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला, आणि पुन्हा हात पुढं केला.

“मग अजून एक द्या,” तो म्हणाला.